घर ते येरवडा: मधले थांबे कुठे आहेत?

पुण्यात घरातल्या कुणाचं वागणं एकदम बदललं की बाकीचे दबक्या आवाजात विचारतात, "येरवड्याला दाखवावं लागेल का?" मुंबईकडे याच वाक्यात 'ठाण्याला' येतं, विदर्भात 'नागपूरला', कोकणात 'रत्नागिरीला'. आजाराचं नाव कुणी घेत नाही. गावाचं नाव घेतलं की समोरच्याला सगळं कळतं, आणि पुढचं बोलणं तिथेच थांबतं.

राज्य सरकारची ही चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं. येरवड्यात २,५४० मंजूर खाटा, ठाण्यात १,८५०, नागपुरात ९४० आणि रत्नागिरीत ३६५. चारही ब्रिटिश अमदानीत उभी राहिली. शहराच्या कडेला मोठी जागा घ्यायची, उंच भिंत बांधायची आणि ज्यांच्यासोबत राहणं समाजाला जड जातं त्यांना आत ठेवायचं, अशी तेव्हाची रीत होती. पुढे शहरं वाढली. येरवड्याच्या भिंतीला आज शहराची वस्ती येऊन भिडली आहे. मात्र आपल्या मनातल्या नकाशावर ते रुग्णालय अजून गावाबाहेरच आहे.

पीएमपीची एक बस डोळ्यांपुढे आणा. पहिला थांबा तुमचं घर, शेवटचा थांबा येरवडा, आणि वाटेत एकही थांबा नाही. अशा बसमध्ये कोण चढेल? ज्याची अवस्था अगदी हाताबाहेर गेली आहे तोच, आणि तोही घरच्यांनी धरून आणला तर. ज्याला दोन थांबे पलीकडेच उतरायचं होतं तो घरी बसून राहील. शहराची मानसिक आरोग्यसेवा सुधारायची म्हणजे हे मधले थांबे बांधायचे. मोठी इमारत, नवी मशीन, आणखी हजार खाटा यांपैकी कशाचीही गरज त्याआधी लागत नाही. ते थांबे कसे असतात, कुठे यशस्वी झाले आणि आपल्याकडे कुठे अडले, ते पाहू.

आजारी किती, डॉक्टर किती

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. १२ राज्यांतल्या सुमारे ३५ हजार प्रौढांशी त्यांचे लोक बोलले. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता, तरी निष्कर्ष आपल्यालाही लागू पडावेत असेच आहेत. त्या वेळी दर १०० प्रौढांमागे १०.६ जणांना उपचारांची गरज असलेला काहीतरी मानसिक आजार होता. महानगरांमध्ये हेच प्रमाण १४.७ निघालं. नैराश्य, चिंता असे नेहमी आढळणारे आजार असलेल्यांपैकी ८५ टक्के लोकांना कुठलाही उपचार मिळत नव्हता.

आता पुण्यापुरता ढोबळ हिशेब मांडू. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीत ३१ लाख माणसं होती. त्यातले वीस लाख प्रौढ धरा आणि दहातला एक आजारी धरा. म्हणजे दोन लाख माणसं झाली. एक मानसोपचारतज्ज्ञ दिवसाला वीस पेशंट नीट वेळ देऊन बघतो असं समजू. वर्षाचे अडीचशे दिवस कामाचे धरले तर पाच हजार भेटी होतात. एका पेशंटला वर्षात निदान सहा वेळा यावं लागतं. म्हणजे एक डॉक्टर वर्षाला जेमतेम सव्वाआठशे माणसं सांभाळणार. दोन लाखांसाठी असे अडीचशेच्या आसपास डॉक्टर लागतील, आणि तेही सगळे सरकारी सेवेत, गरिबाला परवडतील असे. देशात लाखामागे एकसुद्धा मानसोपचारतज्ज्ञ नाही, सरासरी पाऊण आहे. वैद्यकीय महाविद्यालयांतल्या जागा कितीही वाढवल्या तरी हा खड्डा आपल्या हयातीत भरणार नाही.

तज्ज्ञ वाढायला हवेतच. पण दोन लाखांतल्या प्रत्येकाला तज्ज्ञ लागतो का? इथेच गाडी अडते. स्किझोफ्रेनिया, बायपोलर किंवा गंभीर नैराश्य असेल तर तज्ज्ञ लागतो, औषधं लागतात, कधी भरती करावं लागतं. अशी माणसं संख्येनं कमी असतात. बाकीचे बहुसंख्य म्हणजे झोप उडालेले, उमेद गेलेले, सारखा जीव घाबरणारे, संध्याकाळ झाली की बाटलीशिवाय न राहवणारे. त्यांना शिकवून तयार केलेला माणूस, नीट ऐकून घेतलं जाईल असा अर्धा तास आणि घराजवळची जागा मिळाली तर पुष्कळ जण बरे होतात. ताप आलेल्या प्रत्येकाला आपण थेट अतिदक्षता विभागात नेत नाही. मनाच्या बाबतीत मात्र मधली सगळी दारं बंद आणि शेवटचं एक उघडं.

हरारेच्या आज्या

पहिला थांबा कसा असावा, हे झिम्बाब्वेची राजधानी हरारे इथे पाहायला मिळतं.

तिथले मानसोपचारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडा. त्या काळात सव्वा कोटीहून अधिक लोकसंख्येच्या त्यांच्या देशात मानसोपचारतज्ज्ञ दहा-बाराच होते. त्यांची एक तरुण पेशंट दूरच्या गावात राहायची. एकदा तिच्या आईचा फोन आला, मुलीनं जीव दिला म्हणून. तब्येत बिघडलेली दिसत होती, मग तिला इकडे का आणलं नाहीत, असं डॉक्टरांनी विचारलं. आई म्हणाली, बसभाड्याला पंधरा डॉलर नव्हते. ही गोष्ट चिबांडा यांनी स्वतः जाहीरपणे सांगितली आहे. डॉक्टर होता, औषध होतं, निदानही झालेलं होतं. मध्ये फक्त बसभाडं होतं.

चिबांडांनी मग पेशंटला डॉक्टरकडे आणण्याऐवजी मदतच पेशंटच्या वस्तीत न्यायचं ठरवलं. २००६ मध्ये हरारेतल्या म्बारे या दाटीवाटीच्या वस्तीत त्यांच्या हाताशी पैसे नव्हते, खोली नव्हती, नर्स नव्हत्या. होत्या चौदा आज्या. वस्तीत आरोग्याची कामं करणाऱ्या, सगळ्यांच्या घरात जाणं-येणं असलेल्या वयस्क बायका. दवाखान्याच्या आवारात, झाडाखाली, एक लाकडी बाक ठेवला. बाकाला सुरुवातीला मानसिक आरोग्याचं नाव दिलं होतं, तेव्हा कुणी फिरकेना. ते नाव काढा, हा मैत्रीचा बाक आहे असं सांगा, असं आज्यांनी सुचवलं आणि माणसं येऊन बसू लागली.

बाकावर काय चालायचं? नुसत्या गप्पा नव्हेत. आज्यांना एक ठरलेली रीत शिकवलेली होती. आधी चौदा साध्या प्रश्नांची यादी, त्यावरून त्रास किती खोल आहे ते कळतं. मग माणसाला मन मोकळं करू द्यायचं. मग त्याच्या डोक्यावरच्या दहा ओझ्यांतलं एकच निवडायचं आणि त्यावर पुढच्या आठवड्यात करता येईल अशी एकच छोटी गोष्ट त्याच्याकडूनच ठरवून घ्यायची. पुढच्या वेळी तिथूनच पुढे. कुणाच्या बोलण्यात जीव देण्याचा विचार आला तर त्याला लगेच वरच्या पायरीवर पाठवायचं, हेही ठरलेलं.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. आज्यांनी 'डिप्रेशन' हा शब्द वापरलाच नाही. शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' असा शब्द आहे, त्याचा अर्थ फार विचार करणं. आपल्या आयाबायाही हेच म्हणतात की! "विचारच थांबत नाहीत गं." "कशात मन लागत नाही." "छातीत धडधडतं, हातपाय गळून जातात." मराठी बाई ओपीडीत येऊन 'मला नैराश्य आहे' असं सांगत नाही. ती 'अशक्तपणा आलाय' म्हणते आणि सलाईन लावून घेते.

या बाकाचा नुसता गवगवा झालेला नाही. हरारेतल्या २४ दवाखान्यांत ५७३ जणांवर रीतसर चाचणी झाली आणि २०१६ मध्ये ती एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. सहा महिन्यांनंतर नेहमीची सेवा मिळालेल्यांपैकी निम्म्या लोकांत नैराश्याची लक्षणं कायम होती. बाकावर बसलेल्यांत हे प्रमाण १३.७ टक्के होतं.

असंच काम आपल्या शेजारी, गोव्यात झालं आहे. डॉ. विक्रम पटेल यांच्या 'संगत' संस्थेनं गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये डॉक्टर नसलेल्या स्थानिक लोकांना सल्लागार म्हणून तयार केलं. तीव्र नैराश्य असलेल्या सुमारे पाचशे पेशंटवर त्यांनी चाचणी घेतली. सहा ते आठ भेटी. मुख्य सूत्र एवढंच की माणूस ज्या गोष्टी करायचा सोडून बसला आहे, त्या थोड्या थोड्या पुन्हा सुरू करायच्या. तीन महिन्यांनी या भेटी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत ३९ टक्के. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातल्या मानसिक आरोग्य कायदा आणि धोरण केंद्रानं, डॉ. सौमित्र पाथरे यांच्या पुढाकारानं, नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात 'आत्मीयता' उपक्रम सुरू केला. तिथे गावातलीच माणसं हे काम शिकली. तो पुढे गुजरातमध्ये मेहसाण्याला मोठ्या प्रमाणावर गेला. खुद्द पुण्यातल्या वस्त्यांमध्ये बापू ट्रस्टनं 'सेहेर' नावानं वर्षानुवर्षं असंच काम केलं आहे.

म्हणजे रीत माहीत आहे, ती शिकवणारी माणसं इथेच आहेत, आणि आशाताई, अंगणवाडीताई, बचत गटाच्या बायकांसारखे हात प्रत्येक वस्तीत आहेत. फक्त हे काम आशाताईंच्या आधीच्या ढीगभर कामांवर फुकट टाकलं तर ते होणार नाही. त्यासाठी वेगळा वेळ आणि वेगळा मोबदला लागतो. आणि ऐकणाऱ्या माणसाचं मनही भरून येतं, त्यामुळे दर पंधरवड्याला त्यांचं ऐकून घेणारं, चुकलं तर सांगणारं अनुभवी माणूस लागतं. हरारेत आणि गोव्यातही हे होतं. अनुकरण करणारे नेमकं हेच वगळतात.

कोपऱ्यावरचा दवाखाना

दुसरा थांबा महापालिकेचा दवाखाना. तो आधीच बांधलेला आहे, तिथे डॉक्टर आहे, केसपेपर आहे, औषधाची खिडकी आहे. म्हणून सगळ्यात स्वस्तात सुधारणा इथे होऊ शकते.

माझ्या मावशीचं सांगते. चार वर्षं ती दवाखाने फिरत होती. डोकं दुखतं, भूक नाही, अंगात बळ नाही. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, टॉनिक झालं, बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं झाली. मध्ये कुणीतरी 'बाहेरचं' म्हणालं, तेही करून झालं. सगळे रिपोर्ट नॉर्मल, त्यामुळे घरच्यांचा समज झाला की ती नाटकं करते. मग एका दवाखान्यात एका तरुण डॉक्टरणीनं तिला विचारलं, "मावशी, पहाटे किती वाजता जाग येते?" मावशी म्हणाली, "तीनला. मग झोपच नाही." "किती दिवस?" "चार वर्षं." पहाटे फार लवकर जाग येणं आणि मग अंथरुणात नको ते विचार येत राहणं हे नैराश्याचं नेहमीचं लक्षण आहे. चार वर्षांत तो प्रश्न विचारणारी ती पहिली होती.

तिचं कौतुक आहेच. पण आपल्या सगळ्यांच्या मावश्यांचं नशीब एखादी डॉक्टरीण भेटण्यावर का अवलंबून असावं? ज्याचे रिपोर्ट नॉर्मल आहेत आणि जो परत परत येतो आहे, त्या प्रत्येकाला दोन प्रश्न विचारायचे, असा नियम करता येतो. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटेनासा झाला आहे का? आणि मन उदास, निराश असतं का? जगभर हे दोन प्रश्न गाळणीसारखे वापरले जातात. उत्तर 'हो' आलं तर पुढचे प्रश्न. नर्सला हे एका दुपारी शिकवता येतं.

मग औषध. नैराश्यावरची फ्लुऑक्सेटीन, एसिटालोप्रामसारखी औषधं जुनी आहेत, पेटंट कधीच संपलेलं आहे, स्वस्त आहेत. साधा एमबीबीएस डॉक्टर थोड्या प्रशिक्षणानं ती देऊ शकतो. अडचण वेगळीच येते. या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि मळमळ, अस्वस्थपणा हा त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात होतो. माणूस आठव्या दिवशी म्हणतो, 'गोळीनं उलट जास्तच झालं,' आणि पाकीट फेकतो. जे टिकतात ते दोन महिन्यांत बरं वाटलं की बंद करतात. खरं तर बरं वाटल्यावरही निदान सहा महिने गोळी चालू ठेवावी लागते, नाहीतर आजार उलटतो.

म्हणून या थांब्यावर सगळ्यात जास्त गरज फोन करणाऱ्या माणसाची असते. दहाव्या दिवशी फोन करून 'मळमळतंय का? होणार, आणखी चार दिवस धीर धरा, जेवणानंतर घ्या' एवढं सांगणारं कुणीतरी. पेशंट तारखेला आला नाही तर 'का आला नाहीत' असं विचारणारं. क्षयरोगाच्या कार्यक्रमात आपण हे वर्षानुवर्षं करत आलो आहोत. ज्याचा डोस चुकला त्याच्या घरी जायची यंत्रणा महापालिकेकडे आहे. तीच शिस्त मनाच्या आजारांना लावायची आहे.

रात्रीचा थांबा

संकट बहुतेक वेळा रात्री येतं. मुलगा तीन रात्री झोपला नाही, शेजाऱ्यांनी विष घातलंय म्हणतो, दार लावून बसलाय. घरच्यांनी कुणाला फोन करायचा? आज लोक ओळखीच्या रिक्षावाल्याला बोलावतात, नाहीतर पोलिसांना. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार मानसिक आजारामुळे भटकणाऱ्या किंवा धोक्यात असलेल्या माणसाला पोलिसांनी आपल्या संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं असतं, कोठडीत ठेवायचं नसतं. पोलीस शिपायाला हे शिकवलेलं हवं आणि नेण्याजोगी जवळ जागा हवी.

टेलिफोनचा एक थांबा तयार आहे. १४४१६ हा 'टेलिमानस'चा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, दिवसरात्र, फुकट, मराठीतही. पुष्कळांना तो माहीतच नसतो. तो वापरायचा राहिला असेल तर आधी मोबाइलमध्ये साठवून ठेवा. पण बोलणं संपल्यावर समोरच्याला कुठे पाठवायचं, हा प्रश्न राहतोच.

इटलीतल्या त्रिएस्ते शहराचं उत्तर या बाबतीत सगळ्यात धाडसी. डॉ. फ्रँको बझालिया १९७१ मध्ये तिथल्या सान जोव्हानी मनोरुग्णालयाचे संचालक झाले तेव्हा आत सुमारे बाराशे माणसं होती. त्यांनी कुलपं उघडायला सुरुवात केली. १९७३ मध्ये आतल्या माणसांनी आणि कलाकारांनी मिळून एक प्रचंड निळा घोडा बनवला. तो फाटकातून जाईना, तेव्हा फाटक तोडून त्याची मिरवणूक शहरात काढली. बझालिया नुसते मिरवणूक काढणारे नव्हते. एकीकडे वॉर्ड रिकामे होत होते आणि दुसरीकडे शहराच्या निरनिराळ्या भागांत केंद्रं उघडत होती. प्रत्येक केंद्र चोवीस तास उघडं, मोजक्या खाटा, दाराला कुलूप नाही. अवस्था बिघडली तर माणूस आपल्याच भागातल्या केंद्रात चार-आठ दिवस राहतो, ओळखीची नर्स तिथे असते, घरचे पायी येऊन भेटतात. केंद्रातले लोक घरीही जातात. सहकारी संस्था निघाल्या, त्यांत पेशंटना रीतसर पगाराची कामं मिळाली. मे १९७८ मध्ये इटलीनं देशभरासाठी कायदा करून जुनी मनोरुग्णालयं बंद करायचं ठरवलं. सान जोव्हानीचं आवार आज गुलाबाच्या झाडांनी भरलेलं सार्वजनिक उद्यान आहे.

आपण येरवडा उद्या बंद करावं, असं मी म्हणत नाही. केंद्रं न उभारता रुग्णालयं बंद केली की माणसं फुटपाथवर आणि तुरुंगात जातात, हे अमेरिकेनं भोगलं आहे. त्रिएस्तेपासून घ्यायचं ते क्रमाचं भान: आधी मधला थांबा, मग शेवटचा लहान करायचा. पुण्यापुरतं बोलायचं तर दोन-तीन क्षेत्रीय कार्यालयांच्या हद्दीमागे एक, असं रात्री उघडं राहणारं सहा-आठ खाटांचं केंद्र. महापालिकेच्या एखाद्या रुग्णालयाचा मोकळा मजला त्याला पुरेल.

परतीची बस

आतापर्यंत जाण्याबद्दल बोललो. परत यायचं काय? माझ्या मते आपली व्यवस्था सगळ्यात उणी पडते ती इथे.

मनोरुग्णालयांत अशी माणसं आहेत जी बरी झाली आहेत आणि तरी आतच आहेत. पत्ता चुकीचा लिहिलेला असतो, भाऊ दार उघडत नाही, नवऱ्यानं दुसरं लग्न केलेलं असतं. २०१७ चा तोच कायदा म्हणतो, प्रत्येकाला समाजात राहण्याचा हक्क आहे आणि केवळ घरच्यांनी स्वीकारलं नाही किंवा राहायला जागा नाही म्हणून कुणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही. त्यांच्यासाठी सरकारनं निवारा गृहं, आधार गृहं काढायची आहेत. प्रत्यक्षात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्राला सांगावं लागलं की बरे झालेले लोक भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवणं थांबवा.

परतीच्या वाटेवर काय काय लागतं, हे महाराष्ट्राला नवं नाही. डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्याच आवारात. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीनं ते उभं राहिलं. व्यसनाचा पेशंट घरी गेला की खरी कसोटी सुरू होते, हे त्यांनी पहिल्यापासून ओळखलं. म्हणून गावोगावी पाठपुराव्याचे गट निघाले आणि पेशंटच्या बायकांसाठी 'सहचरी' गट निघाला. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेनं पेशंटच्या नातेवाइकांना एकत्र बसवलं. कॅल्गरीत प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी घरातला स्किझोफ्रेनिया जवळून पाहिला होता, त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. नातेवाइकांचा गट तिथेही. शहरानं या संस्थांकडून सेवा रीतसर विकत घ्यायला हवी, दर वर्षी, वेळेवर पैसे देऊन. नुसत्या देणग्यांच्या भरवशावर त्यांना सोडून चालणार नाही.

मग हे अडतं कुठे?

पैशापेक्षा खात्यांमध्ये अडतं. येरवड्याचं रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. ससून रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. कोपऱ्यावरचा दवाखाना महापालिकेकडे. भिक्षेकरी गृह महिला व बालविकासकडे. दिव्यांगत्वाचा दाखला आणि त्यावरच्या सवलती दिव्यांग कल्याणकडे. १९९६ पासून चाललेला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, पण त्याची पथकं जिल्हा रुग्णालयातून निघतात आणि त्यांचा ओढा ग्रामीण रुग्णालयांकडे असतो. मोठ्या शहराचा दवाखाना त्यात नीट बसत नाही. पेशंट एक, खाती पाच, आणि एका खात्याचा कागद दुसऱ्याकडे जात नाही. रुग्णालयातून सुटलेल्या माणसाची चिठ्ठी त्याच्या वॉर्डातल्या दवाखान्याला पोचत नाही. तो दोन महिन्यांनी गोळ्या बंद करतो, सहा महिन्यांनी परत भरती होतो आणि सगळे म्हणतात, 'हा आजार बराच होत नाही.'

यावर इलाज म्हणजे शहरापुरता एक जबाबदार अधिकारी, ज्याच्याकडे पाचही खात्यांच्या माणसांना एका टेबलाशी बसवायचा अधिकार आहे. आणि मोजायच्या गोष्टी बदलायला हव्यात. आपण खाटा मोजतो आणि शिबिरं मोजतो. मोजायला हवं ते असं: रुग्णालयातून सुटलेल्यांपैकी किती जणांना पहिल्या आठवड्यात कुणी भेटलं? किती दवाखान्यांत गेल्या महिन्यात औषध संपलं होतं, आणि किती दिवस? आत दहा वर्षांहून जास्त काळ असलेली किती माणसं या वर्षी बाहेर राहायला गेली?

२०१७ च्या कायद्यातल्या अठराव्या कलमात एक तरतूद आहे, फार कमी लोकांच्या लक्षात असलेली. मानसिक आजार असलेल्या माणसाला उपचारांसाठी लांब प्रवास करायला लागू नये, सेवा तो राहतो त्या जागेच्या जवळ मिळायला हवी. हा शब्द सरकारनं कायद्यात दिलेला आहे.

मावशी आता बरी आहे. पहाटे सहाला उठते, लेकीला फोनवर रागावते, पापड लाटते. दर महिन्याला दोन बस बदलून, अर्धा दिवस घालवून एका सरकारी रुग्णालयात गोळ्या आणायला जाते. कारण घरापासून चालत सात मिनिटांवर असलेल्या दवाखान्याच्या खिडकीवर ती गोळी ठेवत नाहीत. गेल्या महिन्यात मी त्या खिडकीवर जाऊन विचारलं, फ्लुऑक्सेटीन आहे का? नाही म्हणाले. मागवता येईल का? खिडकीतल्या बाईंनी वही उघडली आणि म्हणाल्या, "आत्तापर्यंत कुणी मागितलीच नाही. लिहून ठेवते. तुमच्याकडे अजून कुणाला लागत असेल तर त्यांनाही येऊन सांगायला सांगा."